मंडईचा धनी कोण?

म्हैसूरला राजवाडा मागे टाकून के. आर. सर्कलवरून उत्तरेला चालू लागलं की दुकानांच्या पाट्यांवर एक नाव वाचून मराठी माणूस थबकतो. सय्याजी राव रोड. हे बडोद्याचे सयाजीराव गायकवाडच. कन्नड जिभेवर 'य' जरा दुणावला आहे, इतकंच. दसऱ्याला सोन्याची अंबारी घेऊन हत्ती बन्नीमंटपाकडे निघतो तो याच रस्त्यानं. या रस्त्याच्या पोटात आणखी एक ओळखीचं नाव आहे. टिपूच्या पदरी असलेले आणि 1799 नंतर म्हैसूरचे दिवाण झालेले पूर्णय्या हे देशस्थ ब्राह्मण. कावेरीचं पाणी शहरात खेळवायला त्यांनी कालवा खणायला घेतला. बेत तडीस गेला नाही, आणि मागे उरलेला खोल चर 'पूर्णय्यांचा नाला' म्हणून पुष्कळ वर्षं तसाच पडून राहिला. पुढे तो बुजवला आणि त्या पट्ट्यावरून हा रस्ता गेला.

रस्त्याच्या डाव्या हाताला देवराज मार्केट. म्हैसूरची जुनी मंडई. आत शिरलं की कुंकवाच्या आणि गुलालाच्या शंकूसारख्या राशी दिसतात, नंजनगूडची रसबाळे केळी दिसतात, विड्याच्या पानांच्या चळती दिसतात. फुलांच्या गल्लीत मोगरा अजून 'मोळा'वर मिळतो. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर, आपला 'हात'. विकणारीच्या हाताची लांबी हेच माप, त्यामुळे नेहमीचं गिऱ्हाईक लांब हाताची फूलवाली बरोबर हेरून ठेवतं. आठशेहून जास्त गाळे असलेला हा बाजार चामराजेंद्र वडेयर यांच्या काळात, 1886 च्या सुमारास उभा राहिला आणि पुढच्या चार दशकांत वाढत गेला.

ही मंडई पाडायची की राखायची, यावर म्हैसुरात कित्येक वर्षं भांडण चालू आहे. मी राखण्याच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण राखा म्हणणाऱ्यांचा नेहमीचा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. 'वारसा' हा शब्द त्यांनी इतका पुढे केला आहे की मूळ प्रश्न त्यामागे झाकला गेला. देवराज मार्केटचा प्रश्न कमानींच्या सौंदर्याचा नाही. सार्वजनिक मालमत्तेला रोजचा धनी कोण, हा तो प्रश्न आहे, आणि तो म्हैसूरइतकाच पुण्याचा, कोल्हापूरचा, सोलापूरचा आहे.

म्हैसूरचं नागरी रूप कसं घडलं ते थोडं पाहायला हवं. 1831 पासून पन्नास वर्षं संस्थानाचा कारभार इंग्रजांच्या हाती होता. मार्च 1881 मध्ये तो वडेयर घराण्याला परत मिळाला आणि सी. व्ही. रंगाचार्लू दिवाण झाले. त्याच वर्षीच्या दसऱ्याला त्यांनी प्रजाप्रतिनिधींची सभा भरवली. सभासद 144. त्यांत शेतसारा भरणारे मोठे जमीनदार होते, व्यापारी होते. अधिकार जवळजवळ नव्हता. दिवाणानं राज्याचा अहवाल वाचायचा आणि त्यांनी तक्रारी मांडायच्या. तरीही 1881 सालच्या हिंदुस्थानात राज्यकर्त्यानं प्रजेपुढे हिशेब वाचून दाखवणं ही लहान गोष्ट नव्हती. रंगाचार्लू 1883 च्या जानेवारीत वारले. त्यांच्या स्मरणार्थ 1884 मध्ये जे सभागृह बांधायला घेतलं तेच आजचं टाऊन हॉल. ग्रीक देवळासारखे खांब पुढे घेऊन उभी असलेली ही वास्तू राजाच्या नावाची नाही, राजाच्या एका नोकराच्या नावाची आहे.

त्यानंतर मंडई. तिच्या शेजारी, 1886 मध्ये व्हाइसरॉय डफरिन येऊन गेले त्याच्या आठवणीचा छोटा घड्याळ मनोरा, लोकांच्या तोंडी 'चिक्क गडियार'. 1892 मध्ये व्हाइसरॉय लॅन्सडाऊन आले, त्यांच्या नावानं मंडईजवळच दुकानांची एक लांबलचक दुमजली चाळवजा इमारत झाली. मग प्लेग आला. प्लेगनं मुंबईत 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणला, म्हैसुरात 1903 मध्ये. अंधाऱ्या आळ्या फोडून रस्ते काढले गेले, नव्या वसाहती आखल्या गेल्या. या कारभाराच्या पुढच्या टप्प्यावर आपली माणसंही होती. व्ही. पी. माधवराव आणि त्यांच्यामागून टी. आनंदराव हे लागोपाठचे दोन दिवाण तंजावरी मराठी. आनंदराव तर बडोद्यात सयाजीरावांच्या अज्ञानकाळात दिवाणगिरी केलेल्या सर टी. माधवरावांचे चिरंजीव. 1927 मध्ये कृष्णराज वडेयर यांच्या राज्यकारभाराच्या रौप्यमहोत्सवाचा मोठा घड्याळ मनोरा उभा राहिला, त्याच्या तबकडीवर कन्नड आकडे. म्हणजे अर्ध्या शतकात, चालत दहा मिनिटांच्या टापूत, सभागृह, बाजार, दुकानं, घड्याळं आणि रुंद रस्ते असा शहराचा कणा तयार झाला.

नावं बघा: व्हाइसरॉय, महाराज, दिवाण. बांधणाऱ्यांच्या मनात नागरिक फारसा नव्हता. पण वापरानं इमारतीचा धर्म बदलतो. आपल्याकडे मोठ्या वास्तू दोन प्रकारच्या असत, राजाच्या आणि देवाच्या. दोन्हींत शिरताना माणूस वाकतो, दोन्हींत पायताण बाहेर राहतं. गावाला चावडी होती, पण तिच्या ओट्यावर कोणी बसायचं आणि कोणी खाली उभं राहायचं हे जात ठरवत असे. मंडई आणि टाऊन हॉल ही तिसऱ्या जातीची वास्तू. तिच्यात चपला घालून जाता येतं. आत जाणाऱ्याला कोणाचा कोण हे विचारत नाहीत. फार तर किती किलो, हे विचारतात. जातीचा व्यवहार तिथं शिरलाच नाही असं मी म्हणणार नाही, कोणता माल कोणाच्या गाळ्यावर हे आजही पुष्कळदा जन्मावरून सांगता येतं. पण दार सगळ्यांना उघडं होतं, आणि उघडं दार ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती. ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन गावात सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला काउंटी हॉल अजून आहे: खाली चारी बाजूंनी मोकळा बाजार, वर न्यायदालन. इंग्लंडमधल्या कितीतरी गावांत हीच रीत होती. भाजी घ्यायला आलेल्या माणसाच्या डोक्यावरच कारभार चाले, आणि कारभाऱ्याच्या पायाखाली बाजाराचा गलबला. नागरी वास्तूचं तत्त्व मला त्या रचनेत सर्वांत स्वच्छ दिसतं.

आता राजवाड्याकडे मान वळवू. 1897 मध्ये जुना लाकडी राजवाडा जळाला, हेन्री आयर्विननं आखलेला नवा 1912 मध्ये पुरा झाला. त्याला सुमारे एक लाख दिवे आहेत, ठरलेल्या संध्याकाळी ते एकदम लागतात आणि समोरच्या मैदानातली माणसं आ वासून बघतात. एखादा दिवा गेला तर तो बदलला जातो. मला त्या रोषणाईचा हेवा नाही, राजवाडा जपलाच पाहिजे. पण त्याच दसऱ्याला, मिरवणुकीच्या वाटेवरच्या जुन्या सार्वजनिक इमारतींवर माणसांनी चढू नये म्हणून पोलिसांना पहारा करावा लागतो. राजाचं घर लोकशाहीत सुरक्षित आहे आणि लोकांचं घर धोकादायक ठरलं आहे, ही गोष्ट मला सहन होत नाही.

दोन तारखा सांगतो. 25 ऑगस्ट 2012 रोजी लॅन्सडाऊन बिल्डिंगचा एक भाग कोसळला आणि चार माणसं मेली. 28 ऑगस्ट 2016 रोजी देवराज मार्केटची उत्तरेकडची कमान आणि तिच्या आजूबाजूचे गाळे पडले. इमारतीच्या दुरुस्तीचं काम चालू असतानाच पडले. त्यानंतर समित्या झाल्या. एका बाजूचे तज्ज्ञ म्हणाले, इमारत दुरुस्त होण्यापलीकडे गेली आहे, पाडून त्याच घाटाची नवी बांधा. वारसा जपण्याचं काम करणाऱ्या इंटॅकसारख्या संस्थेचे तज्ज्ञ म्हणाले, दुरुस्ती शक्य आहे. राजघराण्यानं पाडण्याला विरोध केला. गाळेधारक न्यायालयात गेले. लॅन्सडाऊन बिल्डिंग रिकामी झाली ती एका तपाहून जास्त काळ रिकामीच राहिली.

चार मृत्यूंच्या पुढे विटांचा कैवार घेणं सोपं नाही, आणि तो तसा घेऊही नये. पाडा म्हणणाऱ्यांचा हा मुद्दा सर्वांत भक्कम आहे: तुमच्या कमानीसाठी फूलवालीनं जिवावर उदार का व्हावं? त्याला बगल देऊन वारशाची भाषा बोलणारा माणूस मला प्रामाणिक वाटत नाही. पण या मुद्द्याच्या पोटात एक गृहीत दडलेलं आहे. इमारत जुनी होती म्हणून पडली, हे ते गृहीत. ते खरं नाही.

दोन्ही तारखा ऑगस्टच्या आहेत, ही गोष्ट त्यासाठी लक्षात ठेवावी लागते. त्या काळच्या दक्षिणेतल्या सार्वजनिक इमारतींची गच्ची बहुधा मद्रास पद्धतीची. भिंतीवर सागवानी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर तिरक्या ओळीत उभ्या बसवलेल्या पातळ विटा, वर विटांच्या चुऱ्याचा आणि चुन्याचा जाड थर, तो दिवसच्या दिवस चोपण्यांनी चोपून घट्ट केलेला. घाणीत दळलेला चुना पाणी शोषतो तसं सोडतोही. भिंत ओली होते आणि उन्हात वाळते. अशी गच्ची दीडशे वर्षं सहज उभी राहते. तिची अट एकच, पाणी साचू द्यायचं नाही. पन्हाळ तुंबली, गच्चीवर पिंपळाचं रोप उगवलं, की पाणी भिंतीत मुरतं आणि पहिल्यांदा कुजतं ते भिंतीत रुतलेलं तुळईचं टोक, जे डोळ्यांना दिसतच नाही. मग कोणीतरी 'वॉटरप्रूफिंग' म्हणून वर सिमेंटचा थर देतं. सिमेंट ओल आत कोंडून धरतं आणि वर स्वतःचं ओझं घालतं. शिवाय कोणी गाळ्यात पोटमाळा काढलेला असतो, कोणी खांबाचा कोपरा तासून शटर बसवलेलं असतं, वर पाण्याची टाकी आलेली असते. आणि मग एका ऑगस्टमध्ये ती इमारत पडते. वर्तमानपत्रात येतं, शंभर वर्षांची जुनी इमारत कोसळली. शंभर वर्षांचा दोष तिच्या माथी जातो, तीस वर्षं न साफ केलेल्या पन्हाळीचा कोणाच्याच माथी जात नाही.

पन्हाळ कोणी साफ करायची? आपल्या बहुतेक शहरांतल्या मंडयांचा व्यवहार असा आहे. मालक पालिका. गाळे कैक दशकांपूर्वी दिलेले, भाडं त्या काळातलं, वाढ नाममात्र. पालिका म्हणते, या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही. गाळेधारक म्हणतो, दुरुस्ती नाही तर भाडं का वाढवून देऊ? त्याच्या हातात पक्का भाडेपट्टा नसतो, म्हणून तोही स्वतःचा पैसा भिंतीत घालत नाही. घातलाच तर पोटमाळ्यात घालतो. मूळ गाळेधारकानं दुसऱ्याला पोटभाड्यानं दिलेलं असतं, आणि खरं भाडं, बाजारभावाचं, त्या दोघांत रोखीनं फिरतं. म्हणजे इमारत पैसा पुरेसा कमावते. तो पैसा इमारतीपर्यंत पोचत नाही. घरातल्या म्हाताऱ्या आईच्या पेन्शनवर सगळे जगतात आणि तिच्या चष्म्याला पैसे नाहीत, तसलीच ही गोष्ट.

इथं मला जोतीराव फुले आठवतात. देवराज मार्केटच्याच वयाची पुण्याची मंडई. अष्टकोनी मधला भाग, भोवती फाकलेल्या पाखी, वर उंच मनोरा. 1886 मध्ये उघडली तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव तिला दिलं गेलं. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना या मंडईवरच्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला होता. एवढा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे जावा, हे त्यांचं म्हणणं. इमारत झालीच. पुढे 1930च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकारानं मंडईला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. मुंबईत 1869 साली झालेल्या क्रॉफर्ड मार्केटलाही आज तेच नाव आहे.

विरोधकाचं नाव इमारतीला मिळावं याचं पुष्कळांना कौतुक वाटतं. मला त्या नावात एक टोचणी वाटते, आणि ती टोचणी तशीच राहावी असं वाटतं. जोतीरावांचा प्रश्न साधा होता: हा पैसा कोणासाठी? 1880 च्या दशकात त्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या बाजूचं होतं. आज तोच प्रश्न विचारला तर उत्तर कुठल्या बाजूला जातं? जुनी मंडई पाडून उभ्या राहणाऱ्या संकुलाचं चित्र आपल्याला पाठ आहे. तळघरात गाड्या, तळमजल्यावर मोठी दुकानं, वर आणखी मजले. टोपलीत चार जुड्या घेऊन आलेली बाई दुसऱ्या मजल्यावर चढत नाही, तिचं गिऱ्हाईक तर मुळीच चढत नाही. पाच-सात वर्षं बांधकाम रेंगाळतं, तोवर तिनं पत्र्याच्या शेडमध्ये बसायचं. कागदावर नाव असलेल्याला नवा गाळा मिळतो. जिचं नाव कधी कागदावर नव्हतंच, जी गाळ्याच्या पायरीशी बसत होती, ती कोणाच्याच यादीत नसते. काम रेंगाळत नाही असं म्हणणाऱ्यानं म्हैसूरच्या टाऊन हॉलच्या आवारात जावं. तिथं जमिनीखाली वाहनतळ करायचं काम निघालं आणि एक तप उलटून गेलं तरी ते पुरं होता होईना. आवार मधल्या काळात खणलेलं राहिलं. जिथं शहरानं जमायचं, सभा घ्यायच्या, मागण्या मांडायच्या, तिथं पत्रे ठोकलेले.

'त्याच घाटाची नवी बांधू' या आश्वासनावरही विश्वास ठेवू नये. कमानी सिमेंटमध्ये ओतता येतात. गल्लीची रुंदी, वरून येणारा उजेड, शेजारी कोण आणि समोर कोण, केळीवाल्यांची ओळ कुठं संपते आणि फुलांची कुठं सुरू होते, हे दीडशे वर्षांत गिऱ्हाइकांच्या पायांनी ठरवलेलं असतं. नकाशावर ते नसतं, म्हणून नव्या नकाशातही येत नाही. शिवाय नवी इमारत त्याच पालिकेच्या, त्याच भाड्याच्या, त्याच पोटभाडेकरूंच्या व्यवहारात उभी राहणार. तिची पन्हाळ कोण साफ करणार? सिमेंटची इमारत अशा बेवारशीपणात दीडशे वर्षं टिकत नाही. आपल्याकडच्या 1970 च्या दशकातल्या पालिकेच्या व्यापारी संकुलांची दशा पाहिली तर पन्नासही कशीबशी भरतात. इंग्रजांनीही ही चूक करून पाहिली आहे. लंडनच्या युस्टन स्थानकाची 1837 सालची दगडी कमान लोकांचा विरोध डावलून 1961-62 मध्ये पाडली गेली. त्या हळहळीच्या पाठोपाठ, 1967 मध्ये, तिथं गावांचे जुने भाग एकसंध राखण्याचा कायदा आला. आपल्याकडे मुंबईनं 1995 मध्ये वारसा नियमावली केली, तीही पुष्कळ काही गेल्यावर.

मग करायचं काय? कोल्हापूरचं टाऊन हॉल, 1870 च्या दशकात चार्ल्स मँटनं आखलेलं, आज वस्तुसंग्रहालय म्हणून उभं आहे. वापर बदलून इमारत वाचवण्याचा तो मार्ग सभागृहाला चालतो, मंडईला चालत नाही. फुलांचा वास आणि हमालांची हाळी काढून घेतली तर देवराज मार्केटमध्ये राखण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणून मंडई चालू ठेवूनच ती दुरुस्त झाली पाहिजे, एका वेळी एक ओळ रिकामी करून, चुन्यात काम करणाऱ्या गवंड्यांकडून. जिथं तुळया कुजल्या तिथं बदलून, जिथं भिंत खरोखरच गेली तिथं ती पाडून. माझा हट्ट प्रत्येक विटेसाठी नाही. एखादी बाजू वाचत नसेल तर ती उतरवावी आणि तेवढीच नव्यानं बांधावी. याला पाडण्यापेक्षा जास्त वेळ लागेल, जास्त देखरेख लागेल. पण त्याहून निकडीचं काम हिशेबाचं आहे. भाडं वाढवा, खऱ्या बाजारभावाच्या निदान जवळ आणा, आणि त्यातला ठरलेला वाटा मंडईच्याच दुरुस्तीच्या स्वतंत्र खात्यात टाका, ज्याला पालिकेचं सर्वसाधारण अंदाजपत्रक हात लावू शकणार नाही. त्या खात्यावर गाळेधारकांचे निवडून दिलेले प्रतिनिधी बसवा, आणि पायरीशी बसणाऱ्या विक्रेत्यांचेही. बदल्यात गाळेधारकाला पक्का पट्टा द्या, पोटभाडं बंद करा.

गाळेधारकांना हे आवडणार नाही, कारण स्वस्त भाडं जाईल. पालिकेला आवडणार नाही, कारण पैशावरचा हक्क जाईल. वारसाप्रेमींनाही कदाचित ते रूक्ष वाटेल. पण रंगाचार्लूंनी 1881 च्या दसऱ्याला जे केलं ते याहून वेगळं नव्हतं. त्यांनी माणसं गोळा केली आणि त्यांच्यापुढे जमाखर्च वाचला. त्यांच्या नावाच्या टाऊन हॉलमध्ये वर्षातून एकदा, दसऱ्याच्याच आठवड्यात, देवराज मार्केटचा आणि लॅन्सडाऊन बिल्डिंगचा जमाखर्च मोठ्यानं वाचला जावा: भाडं किती आलं, दुरुस्तीवर किती गेलं, गच्ची शेवटची कधी तपासली. दोन इमारतींमधलं अंतर चालत जाण्याइतकंच आहे.

आणि हे वाचणाऱ्याला एक विनंती. तुमच्या गावातही एखादी मंडई असेल, नगरवाचनालय असेल, टाऊन हॉल असेल. माहिती अधिकाराच्या एका अर्जात तीन प्रश्न विचारा: या इमारतीचं गेल्या पाच वर्षांतलं भाडं किती, दुरुस्तीचा खर्च किती, आणि गच्चीची तपासणी शेवटची कोणत्या तारखेला झाली. अर्जाचं शुल्क 10 रुपये आहे आणि उत्तर द्यायला 30 दिवसांची मुदत आहे. म्हणून अर्ज एप्रिलमध्ये टाका, म्हणजे उत्तर पावसाच्या आधी हातात येईल.